खालच्या ओठाची आतली बाजू

२ सप्टेंबर, सोमवार

तोंड आलंय. परत! खालच्या ओठाच्या आत, डावीकडे, ट्रम्पेटचं माउथपीस नेमकं टेकतं तिथेच. मोहरीएवढा फोड, मध्ये पिवळट, कडेला लाल. परवा नव्हता.

वाद्यदुरुस्तीचं दुकान लवकर बंद करून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी ओठ उलटा करून पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, वर्षातून किती वेळा? म्हटलं, मोजलं नाही. तर म्हणाल्या, मोजा. एक वही ठेवा. काय खाल्लं, झोप किती झाली, काय लावलं, कितव्या दिवशी लावलं, कितव्या दिवशी गेला. ‘कितव्या दिवशी लावलं’ हे दोनदा सांगितलं. म्हणून ही वही.

गेल्या वर्षीचा प्रतापही सांगून टाकला. कुणीतरी म्हणालं म्हणून डोकेदुखीची गोळी फोडावर दाबून धरली होती. कातडी पांढरी पडून सोलली, आणि आठवडाभर वाद्य ओठाला लावता आलं नाही. बाई चिडल्याच. ती गोळी गिळायची असते, तोंडात धरून ठेवायची नसते, भाजतं त्याने. पुन्हा करू नका आणि दुसऱ्या कुणाला सांगूही नका.

रक्त तपासायला दिलं. एका दाताची कडा फुटली आहे तीही त्यांनी घासून दिली.

३ सप्टेंबर, मंगळवार

मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, तीन वेळा. डोळ्यांतून पाणी आलं.

धाकटा भाऊ वरच्या मजल्यावरून खाली आला तेव्हा मी मोरीपाशी ओठ धरून उभा होतो. हसला. तो म्हणे मध लावतो आणि तीन दिवसांत बरा होतो. तीन दिवसांत! आई लगेच म्हणाली, त्याचं रक्तच चांगलं आहे. मग माझं कुठून आणलं होतं?

मध मीही लावलाय. त्याच बरणीतला, त्याच चमच्याने. माझा फोड मध खातो आणि गुटगुटीत होतो.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज सरावाच्या वेळी मास्तरांनी जाहीर केलं. आमचा नगर बँड अग्निशमन केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये बसतो. पहिल्या खुर्चीवरचे, म्हणजे मुख्य ट्रम्पेट वाजवणारे, काका या महिन्याअखेर निवृत्त होतायत. वाद्य धरलं की त्यांचे हात थरथरतात. नियमाप्रमाणे चाचणी होणार, २१ तारखेला, शनिवारी. पहिली खुर्ची आणि दुसरी खुर्ची दोन्ही त्याच चाचणीतून भरणार. जो येणार नाही त्याचा विचार होणार नाही. पुढची चाचणी दोन वर्षांनी.

मी अकरा वर्षं दुसऱ्या खुर्चीवर आहे. अकरा वर्षं काकांचा डावा खांदा बघत वाजवतोय. धाकटा चार वर्षांपूर्वी आला, तिसऱ्या खुर्चीवर बसतो, माझ्याशेजारी.

जाहीर झालं तेव्हा सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. त्याच्याकडे जरा जास्त वेळ.

फोड आता मसुराएवढा.

६ सप्टेंबर, शुक्रवार

खायचा सोडा पाण्यात कालवून लावला. दहा मिनिटं बरं वाटलं.

८ सप्टेंबर, रविवार

बागेतला कार्यक्रम. काकांना बरं नव्हतं, म्हणून एकट्याने वाजवायचा तुकडा मास्तरांनी मला द्यायला हवा होता. मी ओठाकडे बोट दाखवलं. खरंच वाजवता आलं नसतं, माउथपीस टेकलं की कळ थेट कानात जात होती. मास्तरांनी मान हलवली आणि तुकडा धाकट्याला दिला.

वाजवला त्याने. वाईट वाजवला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. शेवटचा वरचा सूर असा काही धरला की बाकांवरचे म्हातारे उठून उभे राहिले. पहिल्या रांगेत ही बसली होती. माझी बायको, लग्नाला चौदा वर्षं झालेली. टाळ्या वाजवत होती. वाजवणारच, दीर आहे तिचा. पण किती!

घरी येताना ती म्हणाली, भावजी अगदी तुमच्यासारखं वाजवतात हो, तुम्ही पूर्वी वाजवायचात तसं.

पूर्वी.

मी उत्तर दिलं नाही. तोंड आलेलं असलं की एवढा फायदा असतो.

१० सप्टेंबर, मंगळवार

रक्ताचा अहवाल आला. लोह कमी. बाईंनी गोळ्या दिल्या, आणि दात घासायची पेस्ट बदला म्हणाल्या, फार फेस येणारी नको, काहींना त्यानेही होतं.

मी त्यांना सरळच विचारलं. एकाच घरात राहणारी, एकाच आईच्या हातचं जेवणारी, एकाच बरणीतला मध लावणारी दोन माणसं. एक तीन दिवसांत बरा, दुसरा नऊ दिवस झाले तरी नाही. असं कसं?

बाई हात पुसत बोलल्या. असे व्रण बहुतेक आपलेआपण बरे होतात, आठवडा ते दोन आठवड्यांत. मध, मीठ, सोडा यांनी दुखणं थोडं कमी होतं, एवढंच. बाकी ज्याचं त्याचं वेगळं. कुणाला दात लागून होतं, कुणाला लोह कमी म्हणून, कुणाला काळजीने, कुणाला कशाने ते कळतच नाही. शिवाय कुणी पहिल्या दिवशी औषध सुरू करतो, कुणी आठव्या दिवशी. आठव्या दिवशी लावलं की अकराव्याला बरं होतं, आणि माणूस सांगत सुटतो, तीन दिवसांत गेलं. तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर मात्र घरी बसू नका, या. मग विचारलं, तुमचा भाऊ दिवस मोजतो का?

तो कशाला मोजेल? त्याला कधी काही मोजावं लागलंय?

लहानपणी ट्रम्पेट मला मिळालं ते काकांच्या हातापाया पडून, चार वर्षं हॉल झाडून. त्याला मिळालं ते माझं जुनं, चकाकी दिलेलं, पेटीसकट. मी स्वतः त्याचे पोचे काढले होते. पहिला सूर मी शिकवला. ओठ कसे आवळायचे, गाल कसे फुगवायचे नाहीत, सगळं मी. आणि आता लोक म्हणतात, धाकट्याला देणगी आहे. मला मेहनत. हे शब्द शेजारी ठेवून पाहावेत कुणीतरी.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गेला. दिवस अकरावा किंवा बारावा, सुरुवात नक्की कधी झाली कोण जाणे. तुरटीचं पाणी काल सुरू केलं होतं. म्हणजे आता मी सांगू शकतो, तुरटीने एका दिवसात बरं होतं!

दीड तास वाजवलं. ओठ लाकडासारखा झालाय, पण आपला आहे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

सराव. धाकट्याने चाचणीचा तुकडा पाठ वाजवला. कागद उलटा ठेवून! मास्तर पाठमोरे खिडकीपाशी उभे होते. त्यांचं बोट मांडीवर ताल धरत होतं. माझ्या वेळी ते बोट हललं नाही. मी बघत होतो.

मी तुकडा चुकलो नाही, एकही सूर नाही. त्यात काय? मी कधीच चुकत नाही. म्हणून तर कुणाला आठवत नाही मी कसं वाजवलं ते.

१५ सप्टेंबर, रविवार

हे लिहू की नको, असं दुपारपासून चाललंय. लिहितो. ही वही कोण वाचणार आहे.

सकाळी धाकटा दुकानात आला. मी एका सॅक्सोफोनच्या बटणाखालची चामड्याची गादी बदलत होतो. आला, स्टुलावर बसला, वरचा ओठ उलटा केला आणि दाखवला. फोड. चांगला दोन डाळींएवढा. म्हणाला, या वेळी मधाने काही होत नाहीये, आणि शनिवारी चाचणी.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते खरं लिहितो. बरं वाटलं. अंगातून काहीतरी गरम उतरत गेलं. म्हणजे याचंही तोंड येतं, यालाही दुखतं.

मग तो म्हणाला, “दादा, तू यातला मुरलेला. तूच सांग, काय लावू?”

मिठाचं पाणी म्हणता आलं असतं. काही लावू नकोस, आठवड्यात जाईल, तिखट खाऊ नकोस, बाईंना दाखव, यातलं काहीही म्हणता आलं असतं. मी सॅक्सोफोनवरून मान वर केली नाही. म्हटलं, डोकेदुखीची गोळी ठेव फोडावर. विरघळेपर्यंत धरून ठेव. दिवसातून दोनदा.

“गोळी? त्याने जातो?”

“माझा गेला होता,” मी म्हटलं.

आवाज अगदी नेहमीचा होता. तेच आठवतंय मला. आवाज अजिबात हलला नाही. तो म्हणाला, बरं झालं तुला विचारलं. आणि गेला. जाताना दुकानाचं दार हळू लोटलं, कारण ते जोराने लोटलं की काच हलते हे त्याला माहीत आहे.

१६ सप्टेंबर, सोमवार

दोनदा वरच्या मजल्यापर्यंत गेलो. पहिल्यांदा तो आंघोळीला गेला होता. दुसऱ्यांदा घरात होता, मी जिन्यावरूनच परत आलो. हिला सांगितलं, पायपुसणं बघायला गेलो होतो.

अजूनही वेळ आहे असं स्वतःला सांगतोय. एका गोळीने काय होतं?

१७ सप्टेंबर, मंगळवार

झालं. वरचा ओठ आतून पांढरा पडलाय, रुपयाएवढा. कड सुटलीय, खाली लालभडक. बोलताना त्याचा स चा श होतोय. शाळेत मुलांना गाणं शिकवतो, तिथे आज मुलांना नुसतं ऐकायला लावलं म्हणे. आई बर्फाचा तुकडा फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ बसली होती. मला वाटलं आता तो माझ्याकडे बघेल आणि त्याला कळलेलं असेल.

त्याने बघितलं. म्हणाला, तुला लागू पडलं, मला नाही. ज्याचं त्याचं वेगळं असतं रे दादा.

आई म्हणाली, याने तुझ्यासारखं सोसायला शिकलं पाहिजे.

सगळं आयुष्य ज्या कौतुकाची वाट पाहिली ते आज आईने केलं. जेवण गेलं नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

तो बाईंकडे जाऊन आला. दहा-बारा दिवस वाद्य बंद.

मास्तरांनी नियमावर बोट ठेवलं, तारीख बदलत नाही.

माझं वाजवणं इतकं चांगलं कधीच झालं नव्हतं. हे कसं काय, कळत नाही. ओठ मऊ, श्वास लांब. झोप मात्र नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

पहिली खुर्ची मला मिळाली.

दुसरी मागच्या रांगेतल्या मुलीला. तिची वाजवायची पद्धत कडक आहे, पण तयारी चांगली होती. ती रडली, आनंदाने. धाकटा भिंतीला टेकून उभा होता, ओठावर रुमाल. निकाल सांगितला तेव्हा सगळ्यांत आधी टाळ्या त्याने वाजवल्या. मग बाकीच्यांनी. त्याने बोटं तोंडात घालून शीळ वाजवायचा प्रयत्न केला, नेहमीसारखी, आणि ओठ धरून खाली वाकला. लोक हसले. तोही हसला.

काकांनी मला मिठी मारली. त्यांचे हात माझ्या पाठीवर थरथरत होते.

२२ सप्टेंबर, रविवार

बागेत पहिल्या खुर्चीवर बसलो. समोर कुणाचाही खांदा नाही. इतकी वर्षं वाटायचं, तिथून सगळं वेगळं दिसेल. बाकं दिसतात, पाणपोई दिसते. तिसरी खुर्ची रिकामी होती. वाजवताना माझं लक्ष सारखं तिकडेच जात होतं.

त्याचा हेवा अजून गेलेला नाही. हेही लिहून ठेवतो. खुर्ची मिळाली की जाईल असं वाटलं होतं. आज त्याचा हेवा वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. तो घरी गाढ झोपला होता.

२४ सप्टेंबर, मंगळवार

लोहाच्या गोळ्या संपत आल्या म्हणून बाईंकडे गेलो. खोलीत कुणी नव्हतं. त्यांनी माझा ओठ तपासला, ठीक आहे म्हणाल्या, आणि खुर्ची सरळ केली. मग दिवा बंद करून तिथेच उभ्या राहिल्या.

“तुमचा भाऊ आला होता,” त्या म्हणाल्या. “गोळी ठेवायला दादाने सांगितलं म्हणाला.”

मी गळ्यातला कागदी रुमाल सोडायला लागलो.

“मी तुम्हाला याच खुर्चीत सांगितलं होतं. दोन तारखेला. लिहिलेलं आहे माझ्याकडे.”

मी म्हटलं, हो.

त्यांनी विचारलं नाही का केलंत. ते विचारलं असतं तर मी काहीतरी बनवून सांगितलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या की त्याला मी काही बोलले नाही, ते तुम्ही बोलायचं आहे. आणि पुढचा माणूस आत बोलावला.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती, पुसायची थांबली नाही. शेवटचं ताट जागेवर ठेवल्यावर म्हणाली, मला का सांगताय, मी वरच्या मजल्यावर राहत नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

त्याच्या शाळेत गेलो. घरी आई असते. मधली सुट्टी होती, तो संगीताच्या खोलीत नोटेशनचे स्टँड घड्या घालून भिंतीशी लावत होता. मला बघून खूश झाला! म्हणाला, ओठ भरत आलाय, कातडी धरतेय.

मी दारातच उभा राहून सांगितलं. मला माहीत होतं भाजेल. मला स्वतःला भाजलं होतं. तरी सांगितलं.

त्याने आणखी दोन स्टँड घडी घातले. मग त्याने विचारलं, “तुझा फोड किती दिवस राहतो?”

मला वाटलं त्याने ऐकलंच नाही. म्हटलं, बारा.

“माझाही बारा.”

मी म्हटलं, तू तर तीन म्हणायचास.

तर त्याने सांगितलं. तो सात-आठ वर्षांचा असताना मी तोंड आलेलं असलं तरी वाजवायचो. ओठातून रक्त आलं की मोरीत थुंकायचो आणि परत वाजवायला बसायचो. तो दारामागून बघायचा. त्याला वाटायचं, दादाला दुखतच नाही. मग त्याचं तोंड यायला लागलं तेव्हा त्याने ठरवलं की तीन दिवस दुखलं म्हणायचं आणि चौथ्या दिवशी वाजवायला बसायचं. उरलेले आठ-नऊ दिवस तो दात आवळून वाजवत असे. बागेतल्या त्या कार्यक्रमातसुद्धा गालात एक फोड होता, म्हणाला. मध तो फक्त आईसाठी लावायचा.

मला बसावंसं वाटलं. लहान मुलांची बाकं होती, बसलो नाही.

“मी तुझ्यासारखं वाजवायला धडपडत होतो,” तो म्हणाला. “आणि तू मला घाबरत होतास?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

त्याने शेवटचा स्टँड भिंतीला लावला. घंटा झाली. म्हणाला, “जा आता. मला तास आहे.” मुलं आत यायला लागली, मला त्यांच्यातून वाट काढत बाहेर पडावं लागलं. त्यांच्याशी बोलताना त्याचा आवाज नेहमीसारखा होता, फक्त स अजून नीट निघत नव्हता.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

सरावाला आला नाही. जेवायला खाली आला नाही. आईने मला विचारलं, भांडलात का? म्हटलं, नाही. खरंच भांडलो नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

जिन्यात समोरासमोर आलो. त्याने मला वाट दिली.

२९ सप्टेंबर, रविवार

काकांचा निरोप, बागेतच. त्यांनी त्यांचं माउथपीस मला दिलं, सगळ्यांसमोर. मी घेतलं. घेताना ठरवलं, उद्या मास्तरांकडे जायचं आणि खुर्ची परत करायची. सगळं सांगून. त्याला दोन वर्षं थांबायला लावणं मला जमणार नाही.

डाव्या गालात आत काहीतरी टोचतंय.

३० सप्टेंबर, सोमवार

मास्तरांना सगळं सांगितलं. ते उठले. मग कपाटातून फाइल काढली, एक पान उघडून माझ्याकडे फिरवलं. पहिली खुर्ची, पुढे माझं नाव, खाली त्यांची सही. तारीख १९ जुलै. म्हणाले, “तुझं केव्हाच ठरलं होतं. चाचणी फक्त दुसऱ्या खुर्चीसाठी होती. ती त्याला मिळावी आणि त्याने तुझ्या शेजारी बसावं, एवढीच माझी इच्छा होती.”